पुढचं मीच सांगते

१

केबिनमध्ये पाऊल टाकल्याबरोबर मी खिडक्या उघडल्या, गाद्या झटकल्या, शेगडी पेटवली, चहा टाकला आणि दोन्ही बॅगा रिकाम्या करून पलंगाखाली ढकलल्या. आमचे हे तोवर दारातल्या बाकावर बसून डाव्या बुटाच्या नाडीची गाठ सोडवत होते.

“अहो, ओढा ना ती!” मी म्हटलं, आणि वाकून मीच ओढली. तुटली.

हे हसले. मलाही हसू आलं. लेकीने निघताना बजावलं होतं, “आई, आराम करायला चाललीयेस, मोहिमेवर नाही. तिथे घाई करण्यासारखं काही नाहीच आहे.” डोंगरावर एकटंच लाकडी घर, भोवती झाडं, फोनला रेंज नाही. जागा तिनेच शोधली होती. डॉक्टरांनी माझा रक्तदाब एकदा मोजून परत मोजला होता, आणि आमच्या साहेबांनी मी मागायच्या आतच रजा देऊन टाकली होती.

मी अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. माणूस घाबरलेला असतो, नमनाला घडाभर तेल घालतो. काय झालं, आम्ही आत्ताच जेवून उठलो होतो, तर हे म्हणाले... मी म्हणते, पत्ता सांगा. पत्ता मिळाला की पुढचं मीच सांगते. छातीत दुखतंय, घाम सुटलाय, हात जड पडलाय, बरोबर? बरोबर. तोवर गाडी निघालेली असते. अशाने माणसं वाचतात, त्यामुळे या सवयीचा मला अभिमानच होता.

घरीही तेच. यांचं बोलणं अडकतं. लहानपणापासूनच. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून हे काचा घासतात, तिथे बोलावं लागत नाही म्हणून निभावतं. बाहेर कुठे “म... म...” सुरू झालं की समोरच्याचा चेहरा आक्रसतो, आणि मी सांगून टाकते. मीठ हवंय, म्हणतायत. मागच्या गाडीने आलो, म्हणतायत. हे मान डोलावतात, सगळे सुटतात. नातेवाईक म्हणतात, काय जोडी आहे! वहिनींना दादांच्या मनातलं आधीच कळतं.

केबिनची किल्ली द्यायला खालच्या वस्तीवरची बाई आली होती, घराची देखभाल तीच करायची. तिने यांना विचारलं, “प्रवास कसा झाला?”

“घ... घ...”

“घाट फार वळणांचा, म्हणतायत,” मी म्हटलं.

बाईने माझ्याकडे बघितलंच नाही. ती यांच्याकडेच बघत, वाट पाहत उभी राहिली. तिला कमी ऐकू येत असावं असं मी धरून चालले.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डॉक्टरांच्या हुकमावरून आडवी झाले. माझी झोप म्हणजे डोळे मिटून कामांची उजळणी. बाहेर धुकं खिडकीला चिकटून बसलं होतं, आणि पलंगाच्या उशाकडच्या भिंतीपलीकडे कोणी तरी बोलत होतं.

केबिनला तीन खोल्या. पुढे शेगडी आणि जेवायचं टेबल, मग आमची झोपायची खोली, आणि तिला लागून फळ्यांच्या भिंतीमागे सरपणाची, तिचं दार मात्र पुढच्या खोलीत उघडायचं. त्या सरपणाच्या खोलीत पुरुषाचा आवाज चालला होता, संथ, सलग. एखादा माणूस पारावर बसून निवांत गप्पा मारतो ना, तसा. मला वाटलं, किल्लीवाल्या बाईचा नवरा लाकडं टाकायला आला असेल आणि यांच्याशी बोलत असेल. बोलतोय तर बोलू दे बापडा.

मग लक्षात आलं, आवाज यांचाच आहे.

मी उठून बसले. शब्द नीट कळत नव्हते, पण कुठे ठेच लागत नव्हती. एकामागून एक वाक्यं उमटत होती आणि संपत होती. इतक्या वर्षांत मी यांच्या तोंडून एवढं बोलणं एका दमात ऐकलेलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, हे सांगायची आज लाज वाटते. माझ्यासमोर मेलं एक वाक्य धड निघत नाही, आणि इथे कीर्तन चाललंय!

पण त्यात नवल नव्हतं काही. अंघोळ करताना हे गुणगुणतात तेव्हा कुठेच अडकत नाहीत. रस्त्यावरच्या कुत्र्याशी बोलतानासुद्धा नाही. एकटा माणूस स्वतःशी बोलतो, त्यात काय एवढं? असं मी मनाला समजावलं, आणि समजूत पटली होती. फक्त हे मध्ये मध्ये थांबत होते, तेव्हाची शांतता मला आवडली नाही.

हे आमच्या धंद्यातलं आहे, सांगून कळेल की नाही कोण जाणे. काही जण फोन लावतात आणि बोलत नाहीत. तेव्हा कान ठरवतो. फोन पडलेला आहे आणि खोली रिकामी आहे, की कोणी तरी आहे आणि गप्प आहे? या दोन शांतता सारख्या नसतात. दुसरीत वजन असतं. आमच्या कंट्रोल रूममधल्या कोणालाही विचारा, ती छातीठोकपणे सांगेल. माझा कान आजवर एकदाही फसला नव्हता, आणि भिंतीपलीकडची शांतता दुसऱ्या जातीची होती.

मी जाऊन दार उघडलं. हे एकटेच होते. खोलीत छतापर्यंत रचलेलं सरपण, एक इवलीशी खिडकी, तीतून मांजरही जाणार नाही. बसायला दोन ओंडके होते. हे एकावर बसलेले. दुसरा त्यांच्यासमोर, इतका जवळ की तिथे कोणी बसलं असतं तर गुडघ्याला गुडघा लागला असता.

“कोणाशी बोलत होतात?”

“को... को...”

“कोणाशीच नाही ना? आपलं स्वतःशीच!”

यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. मी विचारलं, उत्तरही मीच दिलं, आणि जिवात जीव आल्यासारखी चहा ठेवायला गेले.

३

त्यानंतर हे रोज तिथे जाऊन बसू लागले. न्याहारी झाली की कप विसळून ठेवायचे आणि जायचे, दार हळूच लोटून घ्यायचे. मी कपड्यांच्या घड्या केल्या, केलेल्या मोडून परत केल्या. मग जनाची आणि मनाचीही लाज गुंडाळून ठेवून पलंगावर गुडघे टेकले आणि फळीला कान लावला. नवऱ्याच्या खोलीला कान लावणारी बाई! लेकीने बघितलं असतं तर काय म्हणाली असती?

हे काचेबद्दल सांगत होते. पहिली काच घासली तेव्हा ती एका म्हाताऱ्या शिंप्याची होती. त्याने चष्मा लावला, आपल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, अरे, हे एवढे जुने झाले? हे सांगताना यांचा आवाज हसला. गोष्ट किती छान होती! ही मला कधीच ऐकू आली नव्हती. म्हणजे “शि... शि...” एवढी कधी तरी आली असेल. शिट्टी वाजली कुकरची, असं काही तरी म्हणून मी उठून गेले असेन.

मग शांतता. जड. यांना कसलीच घाई नव्हती, आणि समोरही कसलीच घाई नव्हती.

“नाही,” हे म्हणाले. “ती वाईट नाही. तिला वेळ नसतो.”

माझा कान भाजल्यासारखा झाला.

परत शांतता. ही लांबली. शेगडीतलं लाकूड तडकलं तेवढंच.

“आज नको,” हे म्हणाले. आवाज आता हलका नव्हता. “तिला सांगितल्याशिवाय नको. सांगायला घेतो मी, पण पुरं होत नाही.”

मी फळीपासून मागे सरले. माझ्या अंगावर काटा होता, पण खरं सांगते, भीतीपेक्षा मत्सर जास्त होता. कोणाला एवढा वेळ आहे? माझ्या नवऱ्याचं बोलणं ऐकून घ्यायला बसलंय तरी कोण?

त्या दिवशी चहाला हे समोर येऊन बसले. कप उचललाच नाही.

“ऐ... ऐक...”

“ऐकतेय ना.”

“त... त्या खो... खोलीत...”

“गारठा आहे, मला माहितेय. मग कशाला जाऊन बसता? स्वेटर तरी घालत जा.”

यांनी तोंड मिटलं. मान डोलावली. मी उठून स्वेटर आणला आणि स्वतःच्या हाताने यांच्या खांद्यावर टाकला. मला वाटलं, केवढी ही माया.

४

दूध आणायला हे खालच्या वस्तीवर गेले, तेव्हा मी सरपणाच्या खोलीत शिरले. म्हटलं, सोक्षमोक्ष लावू. ओंडके ढकलून बघितले, लाकडांच्या मागे हात घातला, खिडकीची कडी बघितली. गंजून घट्ट बसलेली. कोळ्याच्या जाळ्याशिवाय काही नाही. जमिनीवर लाकडाचा भुसा होता आणि त्यात यांच्या बुटांचे ठसे होते. फक्त यांच्याच.

“बघ, काही नाही,” मी मोठ्याने म्हटलं. मग उगाच, खोड म्हणून, यांच्या ओंडक्यावर बसले आणि कामावरच्या आवाजात म्हणाले, “बोला.”

कोणी बोललं नाही. पण मला कळलं. हातभर अंतरावर, समोरच, कोणी तरी होतं आणि ऐकत होतं. दुसऱ्या ओंडक्यावर साल होती, सालीवर एक मुंगी चालली होती, एवढंच दिसत होतं. मी उठून पळायला हवं होतं. पाय उचललेच नाहीत. आणि ऐकणं इतकं पुरेपूर होतं, इतकं सवडीचं, की मला बोलावंसं वाटू लागलं.

“यांची वाक्यं मी पुरी करते,” मी म्हटलं, “यांना त्रास होऊ नये म्हणून.”

समोरून काही आलं नाही. कोणी “हो ना” म्हटलं नाही, मान डोलावली नाही. वाक्य तसंच हवेत राहिलं, आणि ते खोटं आहे हे मला ऐकू येऊ लागलं.

“तसं नाही,” मी म्हटलं. “मला लाज वाटते.”

अजून वाट बघणं चालूच होतं.

“लोकांसमोर यांचं तोंड उघडं राहतं, ओठ थरथरतात, गळ्याची शीर फुगते. तेव्हा वाटतं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. वाटतं, सांगावं, हा माझा कोणी नव्हे. यांच्यासाठी नाही बोलत मी. माझ्यासाठी बोलते. मला यांची लाज वाटते, पहिल्यापासून वाटते, अजून वाटते.”

बोलून झाल्यावर किती हलकं वाटलं! एवढं हलकं की मी हसलेसुद्धा.

मग मागे वळले. दारात हे उभे होते, दुधाची किटली हातात धरून. किती वेळ उभे होते कोण जाणे. यांना मध्ये बोलायची सवयच नव्हती ना.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. हे माझ्याकडे बघतही नव्हते. समोरच्या रिकाम्या ओंडक्याकडे बघत होते, आणि यांचा चेहरा पांढरा पडला होता. तो माझ्या बोलण्याने पडला असं मी समजले.

५

संध्याकाळ होत आली होती. धुक्यामुळे उजेड राखाडी झाला होता, दिवा लावायचं मला सुचलं नाही. यांच्या नजरेला नजर देववत नव्हती. मी टेबल पुसत होते, पुसलेलंच पुसत होते. हे आले, माझ्या समोर बसले आणि माझं मनगट धरलं. घट्ट. एवढं घट्ट यांनी कधी धरलं नव्हतं.

“म...”

मी फडकं ठेवलं. मनाशी म्हटलं, आज तोंडाला कुलूप. काय द्यायच्या त्या शिव्या देऊ देत. पुरं बोलू देत.

“म... म... मला...”

मी ओठ दाताखाली धरले. यांच्या गळ्याची शीर फुगली. मी खाली बघितलं, मग स्वतःचीच लाज वाटून वर बघितलं. सरपणाच्या खोलीचं दार बंद होतं. त्यामागेही कोणी तरी थांबलेलं होतं, हे वाक्य पुरं व्हायची वाट बघत. तिथे घाई नव्हती.

“मला ज... जा... जाऊ...”

जाऊ. म्हणजे ठरलंच यांचं. दुपारी ऐकलं ते ऐकलं, आता कोण राहणार असल्या बाईपाशी? आणि हे “द... द...” वर अडकले होते, ओठ थरथरत होते, मनगट दुखत होतं. ते एक वाक्य माझ्या डोक्यावर टांगलं होतं, आणि ते पडेपर्यंत धीर धरणं मला जमलं नाही हो. नाही जमलं.

“जाऊ दे,” मी म्हटलं. “मला जाऊ दे, असंच ना? जा. मी कुठे अडवलंय? बरोबरच आहे तुमचं. जा!”

आणि मनगट सोडवून घेतलं.

यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. मला वाटतं, यांनी आणखी एकदा तोंड उघडलं. मग मान डोलावली. ती सवयच होती यांची, मी म्हणेन त्याला मान डोलवायची. उठले, खुर्ची आवाज न करता आत सरकवली, सरपणाच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

मी रडत झोपायच्या खोलीत गेले. आणि पलंगावर पडायच्या ऐवजी, शरम नाही की काही नाही, परत त्या भिंतीशी गेले. या वेळी फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला.

यांचे गुडघे दिसले. गुडघ्यावर यांचा उजवा हात, तळवा वर करून ठेवलेला. समोरचा ओंडका फटीत मावत नव्हता, त्याची फक्त कड दिसत होती. मी यांच्या हाताकडे बघत राहिले. काच घासून घासून गुळगुळीत झालेला तो तळवा कडेने पांढरा पडत गेला. मग तळव्याच्या कडेला, करंगळीच्या खाली, चार खळगे पडले. कातडी आत दबली. कोणी हात हातात घेतला की दबते तशी. घेणारं काही दिसत नव्हतं.

“मी तिला तेच सांगत होतो,” हे म्हणाले. स्वच्छ, एकदाही न अडखळता. “मला जाऊ देऊ नकोस, असं सांगत होतो. ती म्हणाली, जा.”

तेव्हा मी धावायला हवं होतं. दार दहा पावलांवर होतं, त्याला कडीही नव्हती. पण मला वाटलं, आत गेले तर मी चोरून बघत होते हे यांना कळेल. दुपारचं तसं झालं, त्यावर आता हे. एवढ्यासाठी मी थांबले. जन्मभर धावले आणि तेव्हा थांबले.

हात उचलला गेला. गुडघे सरळ झाले, फटीतून निघून गेले. भुशावर बुटांचा आवाज झाला, एकाच माणसाचा. मग तोही थांबला.

“अहो!” मी ओरडले, आणि गेले. दार एका बोटाने उघडलं. दोन ओंडके, छतापर्यंत सरपण, खिडकीची कडी गंजलेली. मी ऐकलं, जीव कानात आणून ऐकलं. खोली रिकामी होती. खरोखरच रिकामी, कोणीही फोन धरलेला नाही अशी.

६

वस्तीवरून निरोप गेला आणि लेक दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. तोवर वस्तीवरची माणसं आणि शोध पथकाची माणसं धुक्यातून हाका मारत फिरत होती. सरपणाची खोली मी त्यांना दाखवली नाही. काय सांगणार होते? त्यांनी उघडून बघितली, दार ओढून घेतलं आणि उताराकडे गेले. देखभाल करणारी बाई तेवढी आत शिरून बराच वेळ उभी राहिली. मला तिने काही विचारलं नाही. मी काही बोलेन म्हणून ती थांबली होती, हे मला कळत होतं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

पथकाचे प्रमुख भले गृहस्थ होते. टोपी हातात घेऊन लेकीशी हळू आवाजात बोलले, पण मला ऐकू आलं. “ताई, एक विचारतो, रागावू नका. माणूस वाट चुकला असेल तर आम्ही दरी न दरी शोधू. पण माणूस आपल्या मनाने निघून गेला असेल, तर शोधायची तऱ्हा वेगळी. मग खाली रस्त्यावर, बसथांब्यावर विचारायचं, इथली माणसं परत पाठवायची. आईंना विचाराल का, जाताना काही म्हणाले का?”

लेक माझ्यापाशी येऊन जमिनीवर बसली. तिने माझे हात हातात घेतले. तिचे डोळे यांच्यासारखे आहेत.

“आई, बाबा शेवटी काय म्हणाले?”

मी तोंड उघडलं. खरं वाक्य माझ्यापाशी होतं, पुरं, यांच्या आवाजात. ते सांगायचं तर त्याच्या पुढचंही सांगावं लागलं असतं. ती म्हणाली, जा. ती म्हणजे कोण, हे सांगावं लागलं असतं. आणि दुपारचं, त्या ओंडक्यावरचं. माझी लेक तशीच बसून होती, वाट बघत. तिला वेळ होता. तो कोणाकडून घेतलाय हे मला आधी कधी दिसलं नव्हतं.

“म्हणाले,” मी म्हटलं, “मला जाऊ दे.”

टोपीवाले गृहस्थ दारातून बाहेर गेले. त्यांनी माणसांना हाक मारली, आणि उतारावरचे आवाज एक एक करून वर येऊ लागले.

लेक हलली नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

“असं म्हणाले? सगळं? मध्ये कुठे अडकले नाहीत?”

“नाही,” मी म्हटलं.